गोऱ्हा, वेडा राघू आणि माणसाचं पोर : एक प्रस्तावना

दोन-अडीच वर्षांचा लाल कंधारी गोऱ्हा पहिल्यांदा जुवाखाली येतो, तेव्हा त्याला एकट्याला कुणी धरत नाही. नायगाव, नरसी, मुखेड, कंधारकडच्या काळ्या रानात रीत अशी, की त्याच्या जोडीला एखादा जुनाजाणता बैल द्यायचा. आधी मोकळं जू खांद्यावर ठेवून चार पावलं फिरवायचं, मग मागं ओंडका बांधायचा, मग वखर. कोळपं घेऊन उभ्या पिकात जायची पाळी सगळ्यांत शेवटी येते, कारण तिथं सोयाबीनच्या दोन ओळींमधून पाय न चुकवता चालायचं असतं आणि तोंडाला मुसकं बांधलेलं असतानाही मान खाली घालायची नसते. कासरा ओढला की डोकं वळतं, डोक्यामागून अंग वळतं. बैल वळू लागला की त्याच क्षणी कासरा ढिला करायचा असतो. नवखा औतकरी ओढायला कधी चुकत नाही, ढिल द्यायला चुकतो. ढिल उशिरा मिळाली तर आपण नेमकं काय केलं म्हणून सुटका झाली, हे गोऱ्ह्याला कळत नाही आणि तो डोकं झटकायला शिकतो. ढिल वेळेवर मिळत गेली, की काही दिवसांनी औत धुऱ्याशी आल्यावर कासरा ताणायच्या आत जोडी वळलेली असते.

प्राणी कसे शिकतात या विषयातले बहुतेक सगळे प्रश्न एवढ्या एका कामात येऊन जातात. गोऱ्हा शिकला तो कासऱ्याकडून, शेजारच्या बैलाकडून, की माणसाच्या आवाजाकडून? धुरा आला की वळायचं हे त्याला ‘समजलं’, की पायांना नुसती सवय लागली? जुन्या बैलानं त्याला शिकवलं असं म्हणता येईल का? आणि त्याच घरातलं पाच वर्षांचं पोर धुऱ्यावर बसून हे सगळं बघत असतं, दुसऱ्या दिवशी अंगणात दोन काड्यांना दोरा बांधून औत हाकतं, तोंडानं तसाच आवाज काढतं. त्याचं शिकणं आणि गोऱ्ह्याचं शिकणं यांत नेमका फरक कुठं पडतो? पुढची प्रकरणं या प्रश्नांभोवती लिहिली आहेत. त्यांत चिंपांझी आहेत, पोपट आहेत, मधमाश्या आहेत. पण सुरुवात गोठ्यापासून केली आहे, कारण नायगावच्या वाचकाला चिंपांझी चित्रात दिसतो आणि बैल रोज दिसतो.

या विषयात माणूस दोन बाजूंनी घसरतो. एक बाजू म्हणजे प्राण्याच्या डोक्यात आपलंच मन बसवायचं. दुसरी म्हणजे त्याला मनच नाही असं धरून चालायचं. पहिल्या चुकीचं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलंच आहे आणि ते जगभर गाजलं. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव एकाएकी बातम्यांत आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडांवर, माळवदांवर नेत होती आणि तिथून पडून किंवा उपासमारीनं पिल्लं मरत होती. बातमी पसरली ती अशी, की कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, त्याचा सूड म्हणून वानरांनी अडीचशे पिल्लं मारली. अडीचशेचा आकडा सगळीकडं छापून आला. इतकी पिल्लं खरोखर मेली होती असं मात्र कुणाला दाखवता आलं नाही. शेवटी वनविभागानं दोन वानरं पकडून नेली आणि प्रकार निवळला.

सगळ्या गोष्टीला ‘सूड’ या एका शब्दानं आकार दिला. सूड घ्यायचा तर काय काय लागतं, ते मोजून बघावं. कोणत्या कुत्र्यानं काय केलं हे लक्षात ठेवावं लागतं. त्या कुत्र्याची जात ती आपली वैरी, असं धरावं लागतं. या पिल्लाला मारलं की त्या जातीला दुःख होईल, एवढं दुसऱ्याच्या मनातलं ओळखावं लागतं. आणि हे सगळं आठवड्यामागून आठवडे टिकवावं लागतं. वानरं हे करूच शकत नाहीत असं माझं म्हणणं नाही. पण त्याआधी एक साधी शक्यता तपासायला हवी होती. हनुमान लंगुरांच्या टोळीत माद्या एकमेकींची पिल्लं घेतात, हिसकतात, बराच वेळ कवटाळून बसतात. अबू, जोधपूर इथल्या दीर्घ अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा नोंदलं गेलं आहे. वानराचं पिल्लू आईच्या पोटाला आपण होऊन घट्ट धरून राहतं. कुत्र्याच्या पिल्लाला तसं धरता येत नाही आणि झाडावर त्याला दूधही मिळत नाही. उचलून नेणं हे जवळ घेणं असेल आणि मरण हा त्याचा परिणाम असेल, तर गोष्ट पूर्ण बदलते. कोणतं स्पष्टीकरण खरं हे ठरवायला कुणीतरी गावात बसून उचलणारी नर की मादी, पिल्लाला दात लावले का, किती वेळ धरलं, हे लिहून काढायला हवं होतं. सुडाची गोष्ट इतकी पुरेशी वाटली, की ते लिहून काढायची गरज फारशी कुणाला भासली नाही.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ या कादंबरीची इथं आठवण होते. वानरांच्या टोळ्यांतला सत्तासंघर्ष हाच तिचा विषय. तिला १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानराकडं इतकं बारकाईनं बघून लिहिलेलं दुसरं मराठी पुस्तक मला सांगता येणार नाही. लवूळच्या बातमीच्या दिवसांत ती कुणी काढून वाचली असती, तर वानराला माणूस न करताही त्याची कथा सांगता येते, हे ध्यानात आलं असतं.

कॉन्वी लॉइड मॉर्गन या ब्रिटिश अभ्यासकानं १८९४ साली या बाबतीत एक नियम सांगून ठेवला. प्राण्याचं वागणं साध्या मानसिक क्रियेनं उलगडत असेल तर त्यासाठी वरच्या पायरीची बुद्धी गृहीत धरू नये. नियम ऐकायला रूक्ष आहे, पण तो मॉर्गनच्या स्वतःच्या कुत्र्यावरून समजतो. टोनी नावाचं हे टेरियर कुत्रं बागेच्या फाटकाची कडी डोक्यानं उचलून बाहेर पडायचं. पाहुण्यानं ते पाहिलं तर तो म्हणणार, याला कडीचं तंत्र कळलंय. मॉर्गननं मात्र सुरुवातीपासून पाहिलं होतं. कुत्रं रस्त्यावरचं बघायला गजांमधून डोकं बाहेर काढायचं, एकदा डोकं योगायोगानं कडीखाली आलं, कडी उचलली गेली, फाटक उघडलं. पुढं काही आठवडे ते चुकीच्या गजांत डोकं घालत राहिलं. हळूहळू चुका गळत गेल्या आणि शेवटी नेमकी एक हालचाल उरली. पूर्ण झालेलं कौशल्य पाहून ते कसं आलं हे कळत नाही. धुऱ्यावर आपोआप वळणाऱ्या जोडीलाही हेच लागू आहे. त्या जोडीकडून काही कळून घ्यायचं, तर ती शिकत असताना पाहायला हवी.

चार वर्षांनी, १८९८ मध्ये, अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकनं हेच मोजून दाखवलं. मांजराला खटका असलेल्या पेटीत ठेवायचं, बाहेर खाणं ठेवायचं आणि सुटायला लागणारा वेळ लिहायचा. वेळ एकदम कोसळला नाही, डळमळत कमी होत गेला. म्हणजे ‘अरे, असं आहे होय!’ असा क्षण त्यात कुठं दिसला नाही. याला उत्तर आलं टेनेरिफ बेटावरून. वोल्फगांग कोहलर तिथं १९१३ पासून चिंपांझींबरोबर काम करत होता. सुलतान नावाच्या चिंपांझीनं दोन पोकळ काठ्या एकमेकींत घालून लांब काठी केली आणि पिंजऱ्याबाहेरचं फळ ओढून घेतलं. बराच वेळ फोल धडपड, मग थांबणं, मग एकदम उत्तर. कोहलरचं पुस्तक १९१७ साली आलं आणि चुकत-माकत शिकणं खरं की एकदम उमगणं खरं, हा वाद पुढची कित्येक दशकं चालला. आज मागं वळून बघताना वाटतं, दोघंही खरं सांगत होते. खटका आतून दिसतच नसेल तर मांजरानं उमगून घ्यायचं तरी काय? प्राण्यापुढं कोणतं कोडं ठेवलं, यावर त्याची अक्कल किती दिसणार हे बरंचसं ठरतं.

आता नंदीबैल. पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, शेजारी गुबुगुबु वाजवणारा नंदीवाला. ‘पाऊस पडंल का?’ म्हटलं की बैल मान हलवतो. लहान मूलही सांगेल की वाजवण्याच्या लयीत किंवा दोरीच्या हिसक्यात खूण आहे. नंदीवाल्याची ती कला आहे. पिढ्यान् पिढ्यांची मेहनत तिच्यामागं आहे. बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असाच एक घोडा होता, हान्स. विल्हेम फॉन ओस्टेन हा निवृत्त शिक्षक त्याला गणितं घालायचा आणि हान्स खुरानं जमिनीवर ठोके देऊन उत्तर द्यायचा. फरक एवढा, की फॉन ओस्टेन लबाड नव्हता. त्याचा स्वतःचा विश्वास होता की आपण घोड्याला गणित शिकवलंय. १९०४ साली तज्ज्ञांची समिती बसली आणि तिला कुठलीही फसवणूक सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टनं दोन साध्या गोष्टी केल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल असं पाहिलं, आणि घोड्याला विचारणारा दिसणार नाही अशी व्यवस्था केली. दोन्ही वेळा हान्सची उत्तरं चुकली. खुराचे ठोके मोजताना विचारणारा किंचित पुढं वाकलेला असायचा. बरोबर आकडा आला की त्याच्या नकळत डोकं केसभर वर उचललं जायचं. हान्स ते पाहून थांबायचा.

फुंग्स्टच्या १९०७ मधल्या या उलगड्यातून बहुतेक पुस्तकं एवढाच धडा काढतात, की घोड्याला गणित येत नव्हतं. मला दुसरी बाजू जास्त मोलाची वाटते. शेकडो सुशिक्षित माणसांना जी हालचाल दिसली नाही, ती घोड्याला दिसली. फुंग्स्टला तर खूण माहीत झाल्यावरसुद्धा ती स्वतःच्या डोक्यातून पुरती थांबवता आली नाही. ज्याला आपण हुशारी म्हणतो तिच्या शोधात आपण गणित तपासत बसलो आणि माणसाला वाचण्याची घोड्याची विलक्षण ताकद समोर उभी होती. इथल्या शेतकऱ्याला हे नवीन नाही. मन थाऱ्यावर नसलेला माणूस कासरा धरतो तेव्हा जोडी बिचकते, हे त्याला ठाऊक असतं. हान्समुळं संशोधनाला मात्र कायमची शिस्त लागली. प्राण्याची परीक्षा घेताना परीक्षकाला उत्तर माहीत नसावं, किंवा तो प्राण्याला दिसू नये, हा आज प्राथमिक नियम आहे.

ही शिस्त पाळूनही प्राण्याच्या मनाबद्दल मोठा प्रश्न विचारता येतो, हे पुण्यात सिद्ध झालं. आबासाहेब गरवारे महाविद्यालयातले मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी यांनी वेड्या राघूवर केलेलं काम १९९९ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आणि २००२ साली ‘अॅनिमल कॉग्निशन’मध्ये प्रसिद्ध झालं. वेडा राघू म्हणजे तारेवर बसून माश्या टिपणारा तो छोटा हिरवा पक्षी. गोदावरी-मन्याडच्या काठच्या दरडींत, शेतातल्या मातीच्या उभ्या कडांत तो भोक पाडून घरटं करतो. घरट्याजवळ माणूस उभा असेल तर पक्षी आत शिरत नाही, तारेवर बसून राहतो. शिरला तर घरट्याची जागा उघडी पडेल. आता प्रश्न असा : पक्षी नुसत्या माणसाच्या जवळ असण्याला भितो, की त्या माणसाला घरटं दिसतंय की नाही याचाही हिशोब करतो? वाटव्यांच्या गटानं माणूस अशा दोन जागी उभा केला, की घरट्यापासूनचं अंतर सारखंच. एका जागेवरून त्याला घरटं दिसत होतं, दुसरीवरून मधे आडोसा येत होता. पक्ष्याला मात्र माणूस दोन्हीकडून दिसत होता. माणसाला घरटं दिसत नसेल तेव्हा पक्षी घरट्यात जास्त वेळा शिरला.

या प्रयोगाला कोट्यवधींची यंत्रं लागली नाहीत. माणूस, आडोसा, दुर्बीण, घड्याळ आणि भरपूर धीर एवढंच लागलं. पण उत्तर मोठं आहे. दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसतं याचा अंदाज घेणं ही वानरकुळाची, किंबहुना माणसाचीच मिरास आहे, असं तोवर पुष्कळ अभ्यासक धरून होते. मूठभर वजनाच्या पक्ष्यानं त्या समजुतीला धक्का दिला. माणसाच्या मनातलं पक्षी ‘जाणतो’, असं यावरून म्हणता येतं का? मॉर्गनचा नियम इथं पुन्हा हात धरतो. घरटं आणि माणसाचे डोळे यांच्यामधली रेघ मोकळी आहे का, एवढं पक्ष्याला कळत असलं तरी हे वागणं उलगडतं. पण ते कळणंसुद्धा काही थोडं नाही. एखाद्या प्राण्याला ‘मन आहे’ किंवा ‘नाही’ असा एका शब्दात निकाल देण्यापेक्षा त्याला नेमकं काय कळतं हे असं तुकड्या-तुकड्यानं काढत जाणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, आणि हे पुस्तक त्याच वाटेनं जातं.

आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही आता प्रयोगात जागा मिळाली आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी भटक्या कुत्र्यांवर काम करतात. अनोळखी माणसानं लांबून दोन भांड्यांपैकी एकाकडं बोट दाखवायचं आणि हात लगेच खाली घ्यायचा, असा त्यांचा एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. बरीच कुत्री भीतीनं जवळच आली नाहीत. जी आली, त्यांतल्या सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी बोट दाखवलेलंच भांडं गाठलं. या कुत्र्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. चिंपांझी कितीतरी कोड्यांत कुत्र्याच्या पुढं आहे, पण बोटाच्या खुणेत तो मागं पडतो. माणसाच्या उकिरड्यावर पिढ्यान् पिढ्या जगणाऱ्या प्राण्याला माणसाचा हात वाचता येणं जगण्यासाठीच लागतं. चिंपांझीला जंगलात त्याची गरज काय? प्राण्यांना एका ओळीत उभं करून पहिला-दुसरा नंबर लावायची हौस अशा वेळी निरर्थक ठरते. क्योतो विद्यापीठातल्या आयुमु या तरुण चिंपांझीनं पडद्यावर क्षणभर चमकून गेलेल्या आकड्यांच्या जागा लक्षात ठेवण्यात विद्यार्थ्यांना मागं टाकलं, हे २००७ साली जगभर झळकलं. पुढं माणसांनी तेवढाच सराव केल्यावर अंतर मिटलं. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत, आणि एकीवरूनही चिंपांझी किंवा माणूस ‘वरचढ’ ठरत नाही.

मग माणसाचं वेगळेपण कुठं आहे? माझ्या मते ते शिकण्यापेक्षा शिकवण्यात आणि नक्कल करण्यात जास्त आहे.

जुन्या बैलाकडं परत येऊ. तो गोऱ्ह्याच्या जोडीला असतो, त्याच्या ओढीनं गोऱ्हा वळतो, थांबतो, चालतो. तो शिकवतो का? १९९२ साली कॅरो आणि हाउझर या दोघांनी शिकवण्याची एक कडक व्याख्या मांडली. शिकवणाऱ्यानं नवख्याच्या उपस्थितीत आपलं वागणं बदललं पाहिजे, त्यात त्याला स्वतःला थोडी तोशीस पडली पाहिजे, आणि त्यामुळं नवखा लवकर शिकला पाहिजे. या मापानं जुना बैल नापास होतो. शेजारी गोऱ्हा असो की बरोबरीचा बैल, तो तसाच चालतो. शिकवतो तो माणूस. बैल हे त्याचं साधन. याउलट आफ्रिकेच्या कलहारीत राहणारी मीरकॅट मुंगसाच्या कुळातली. तिच्या खाण्यात विंचूही असतात. थॉर्नटन आणि मॅकॉलिफ यांनी २००६ साली दाखवलं, की मोठ्या मीरकॅट लहान पिल्लांना मेलेला विंचू देतात, थोड्या मोठ्यांना नांगी काढून जिवंत विंचू देतात आणि आणखी वाढलेल्यांना नांगीसकट. ही पायरी त्या पिल्लांच्या आवाजावरून ठरवतात. लहान पिल्लांच्या गटाजवळ मोठ्या पिल्लांचा आवाज ध्वनिमुद्रणातून ऐकवला, तर मोठ्या मीरकॅट जिवंत विंचू जास्त आणू लागल्या. म्हणजे हे शिकवणं आहे, व्याख्येत बसणारं आहे. पण पिल्लाला काय येतं आणि काय येत नाही हे त्या जाणतात, असं त्यातून निघत नाही. आवाज बदलला की धडा बदलला.

माणसाचं पोर काय करतं, ते हॉर्नर आणि व्हाइटन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात जवळून दिसतं. एक पेटी, आत खाऊ. माणूस काठीनं आधी पेटीच्या वरच्या भोकात टोचतो, मग खालचं दार उघडून खाऊ काढतो. पेटी काळी, आतलं काही दिसत नाही, तोवर चिंपांझी आणि तीन-चार वर्षांची मुलं दोघंही सगळ्या पायऱ्यांची नक्कल करतात. मग तीच पेटी पारदर्शक करून आणतात. आता स्पष्ट दिसतं, की वरच्या टोचण्याचा खाऊशी काही संबंध नाही, काठी मधल्या फळीवर आदळते. चिंपांझी ते टोचणं सोडून देतात आणि थेट दार उघडतात. मुलं मात्र टोचत राहतात.

पहिल्यांदा वाचताना वाटतं की इथं चिंपांझी शहाणा ठरला. त्या पेटीपुरतं ते खरंही आहे. पण अशा जगाचा विचार करा, जिथं बहुतेक पेट्या काळ्याच असतात. तिफणीची फणं किती अंतरावर ठेवायची, ज्वारीच्या भाकरीच्या पिठात गरम पाणी का घालायचं, जनावराच्या पोटफुगीवर काय पाजायचं. यातलं कारण शिकणाऱ्याला दिसत नाही आणि पुष्कळदा शिकवणाऱ्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी जो सगळ्या पायऱ्या जशाच्या तशा उचलतो, त्याच्या हाती शेकडो पिढ्यांचं शहाणपण येतं. जो फक्त आपल्याला पटेल तेवढंच उचलतो, त्याला प्रत्येक गोष्ट नव्यानं शोधावी लागते. माणसाची शेती, भाषा, वैद्यकी, शाळा हे सगळं या नकलेवर उभं राहिलं आहे. आणि जातीची शिवाशीव, सुतक, विटाळ हेही त्याच नकलेतून पोचलं. पाच वर्षांच्या पोराला कोण कुठल्या भांड्यातून पाणी पितं याचा नियम कुणी कारणासह समजावला नव्हता. त्यानं मोठ्यांचं पाहिलं आणि केलं. शिकण्याच्या या एका वृत्तीमुळं आपण एवढे पुढं आलो आणि तिच्यामुळंच कितीतरी अन्याय न विचारता पुढं चालवले. प्राण्यांशी तुलना करताना ही गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, आणि शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकानं ती माहीत करून घ्यावी असं वाटतं. पोराला ‘का?’ विचारायची मुभा कुठं द्यायची हे ठरवणं मोठ्यांच्या हातात असतं.

प्राण्यांतही शोध पसरतात, पण वेगळ्या चालीनं. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाची दीड वर्षाची माकडीण रताळी पाण्यात धुऊन खाऊ लागली. आधी तिच्या बरोबरीची पिल्लं शिकली, मग आया. म्हातारे नर जवळजवळ शिकलेच नाहीत. पसरायला वर्षं लागली. पुढच्या पिढीला मात्र ते आईच्या मांडीवरच मिळालं.

आणि एक प्रयोग, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो असं म्हटलं तरी चालेल. केंब्रिजच्या हेगन आणि ब्रूम यांनी २००४ साली कालवडींवर तो केला. एका कालवडीनं पट्टी दाबली की फाटक उघडायचं आणि पुढं खाणं मिळायचं. तिच्या जोडीच्या कालवडीलाही तेवढंच खाणं, तेवढ्याच वेळानं मिळायचं. फक्त तिच्या पट्टी दाबण्याशी फाटकाचा संबंध नव्हता. खाणं दोघींना सारखं, तर आनंदही सारखाच व्हायला हवा. तसं झालं नाही. पट्टीचं गमक ज्या कालवडींना सापडत होतं, त्यांच्या हृदयाचे ठोके त्या टप्प्यावर वाढले आणि फाटकाकडं जाताना त्या जास्त जोमानं धावल्या, उड्या मारल्या. मॉर्गनचा नियम पाळून, शब्द जपून वापरायचा तरी एवढं म्हणता येतं, की गायीगुरांना खाण्यापलीकडं, स्वतः काहीतरी जमल्यानं उचंबळून येतं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडं बैलांची खांदेमळणी होते, हळद-लोणी लावून खांदे चोळतात, उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर राबलेल्या खांद्याचे ते उपकार मानणं आहे, आणि योग्य आहे. केंब्रिजच्या कालवडी त्याच्या जोडीला आणखी एक मागणी करतात. शिकवताना जनावराला जमल्याचं कळू द्यावं. काठी आणि वेसणीचा हिसका देऊनही बैल वळतो. पण वेळेवर मिळालेल्या ढिलीतून तो जे शिकतो, त्यात त्याचंही काही असतं.

हे आत्ताच लिहायची घाई एका कारणानं झाली. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशातले नर गोवंश २०१२ पासूनच्या सात वर्षांत सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आला, पेरणी यंत्रानं होऊ लागली, चारा महाग झाला. शेतकऱ्यानं हिशोब केला आणि तो चुकीचा नव्हता. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अजून लाल कंधारी आणि देवणी बैल उभे राहतात, घोडे-गाढवं येतात, दात बघून, चालवून पाहून सौदे होतात. पण गोऱ्हा औताला धरणारी माणसं दर वर्षी म्हातारी होत आहेत. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते बहुतेक कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि हाताला हात लावल्याशिवाय ते पुढं जात नाही.

म्हणून पुस्तकाच्या प्रत्येक प्रकरणाशेवटी पाहण्यासारखं काहीतरी सुचवलं आहे. पहिलं इथंच सांगतो. घरात किंवा शेजारी दोन गोऱ्हे एकाच हंगामात औताला धरले जाणार असतील, तर एकाच्या जोडीला मुरलेला बैल द्यायला सांगा आणि दुसऱ्याच्या जोडीला शक्य तितका नवखा. हाकणारा माणूस एकच ठेवा. रोज धुऱ्याशी किती वेळा वळण आलं आणि त्यांतली किती वळणं कासरा ताणायच्या आत झाली, ते मोजा. मग काही दिवसांनी जोड्या बदला. मुरल्या बैलाशेजारी शिकलेला गोऱ्हा नवख्याशेजारीही आधी वळत असेल, तर शिकणं त्याच्यात उतरलं आहे. वळत नसेल, तर आजवर तो शेजाऱ्याच्या ओढीनं चालत होता. वहीत तारीख, वेळ आणि ऊन-पाऊस लिहा. ‘रागावला’, ‘हट्टाला पेटला’, ‘समजून गेला’ असं लिहू नका. कान मागं नेले, शेपटी आपटली, पुढचा उजवा पाय आधी उचलला, असं लिहा. जमल्यास मोजणाऱ्यानं जोडीच्या मागून, बैलांना दिसणार नाही अशा जागी उभं राहावं आणि वळण येताना आपलं डोकं हलू देऊ नये.